उजवीकडून झिजलेला काटा

हॅलो? …हो ताई, आईचंच घर आवरतेय. जेवणाच्या काट्यांची पेटी उघडून बसलेय… अगं तीच, आई टेबलं मांडायची ते हॉटेल बंद झालं तेव्हा तिला मिळालेली. ती गेल्यापासून कुणी उघडलीच नव्हती.

नाही गं, चांदीची कुठली? नुसता मुलामा. जुन्या वस्तूंचा दुकानदार येऊन एकेक ओळखून गेला. संध्याकाळी न्यायला येतोय. …हो, हो, तीन दातांचा इवलासा, तो शिंपल्यांचा. दात फाकलेले, तो लिंबाच्या चकतीचा. चमच्याला दात फुटल्यासारखा, तो आइस्क्रीमचा. …मीही हसले. खाणारं तोंड एक आणि हत्यारं दहा.

कोण रडतंय? …चिमणी? …उजव्या हातानं जेवत नाही म्हणून? अगं, असू दे की… बरं बाई, तुझी लेक, तू बघ.

पण ऐक ना. केकचे सहा आहेत. त्यांचा डावीकडचा दात रुंद असतो, धारेचा. काटा उजव्या हातात धरायचा आणि त्या कडेनं केक कापायचा. …हो. पाच कोरे करकरीत. सहाव्याचा मुलामा उडालाय, खालचं पितळ दिसतंय. दुकानदार म्हणाला, हा नको. …थांब ना, सांगतेय. तो झिजलाय उजवीकडून. धारेचा दात जसाच्या तसा.

म्हणजे डाव्या हातानं, ताई. वर्षानुवर्षं.

…आपण कुठे डावखुऱ्या? …विसरलीस? लहानपणी आजी आईचा डावा हात फडक्यानं बांधून तिला जेवायला बसवायची, आईच सांगायची की. आपल्यासमोर सगळं उजव्यानंच.

दुपारी आपण झोपायचो, तेव्हा स्वयंपाकघरातून टिक्, टिक् यायचं… मला झोपेत घड्याळ वाटायचं. …हो ना, आपलं घड्याळ तर कायम बंदच. …आत्ता तोच काटा डाव्या हातात धरून बसलेय. पडदा हलतोय, ऊन टेबलावर आलंय. मधेच वाटतं, आतून कडी लावलीय आणि आई सावकाश खातेय, कुणाची घाई नाही… केव्हाची अशी बसलेय, कोण जाणे.

ताई? …रडू नकोस गं. तुला बोल लावायला नाही सांगितलं.

…नाही, तो नाही देणार त्याला. चिमणीचा आहे तो.

…काय म्हणालीस तिला? चमचा डाव्या हातात धर? …परत म्हण. …हं.

फोन बंद करू नकोस. तिच्या ताटाशेजारी नुसता ठेव… हो, तसाच.

…येतंय ऐकू. टिक्… टिक्…

जेवू दे तिला. मी बसलेय इथं.