नुसतं ‘सोड’ म्हटलं की

बसथांब्यावर माझ्यामागे एक नवरा-बायको उभे होते. डिस्क गोल्फ, म्हणजे तबकडी फेकून लांबच्या टोपलीत टाकायचा खेळ, खेळून आलेले. त्याची पँट मांडीपर्यंत भिजलेली.

“म्हणे निसर्गरम्य मैदान! जिकडे बघावं तिकडे पाणी, नाहीतर काटे. आणि तू सरळ तळ्यावरूनच टाकलीस!”

“तुम्हीच ओरडलात, सोड म्हणून.”

“अगं, नाद सोड म्हणालो! तबकडी नव्हे!”

“हातात तबकडी धरून उभी होते मी. दुसरं काय सोडणार?”

“पिशवीत एवढ्या होत्या, तुला दादाचीच सापडली?”

“दादा गेल्यापासून ती नुसती पिशवीत घालून फिरवताय. एकदा तरी टाकलीत?”

“हरवली असती.”

“काय सुरेख गेली पण! नेमकी टोपलीजवळ डावीकडे वळली.”

“वळायचीच ती. दादा शिव्या घालत तळ्यात उतरायचा.”

“मिळायची?”

“मिळाल्याशिवाय वर यायचा नाही.”

“मग तुम्ही कसे आलात?”

“तूच काठावरून बोंबलत होतीस ना, बस चुकेल, सोडा आता!”

“बरं, ती बघा आली. चढा.”

“सोड.”

“आता काय सोडू?”

“बस सोड गं. अजून उजेड आहे.”