गल्लीतली असोसिएशन

बनारसच्या सर्किट हाऊसमध्ये, पर्यटन खात्याच्या साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून काका-पुतणी मराठीत बोलत होती.

"मधुरा, मोठ्या होटलवाल्यांनी नियम करवून घेतलाच म्हणून समज. अरुंद गल्लीत आगीचा बंब शिरत नाही, म्हणून आपल्यासारख्यांच्या घरांत यात्रेकरू ठेवायला बंदी."

"अजून सही झालेली नाही, काका."

"ते साहेबांना जेवायला नेतात. आपण कुठं नेणार?"

"गल्लीत. आग विझवायचे नळ बसवलेत, ते दाखवू."

"आपलं कोण ऐकतंय?"

"एकट्याचं नाहीच ऐकत. म्हणून तर सगळ्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरवाल्यांची संघटना केली."

शिपाई दारात आला. "असोसिएशनवाले, अंदर आइए."

समोर बसलेले होटलवाल्यांच्या असोसिएशनचे कोटवाले चौघे उठले. मधुरा त्यांच्याआधी दारात पोचली होती.

"काका, चला. आपल्यालाच बोलावलंय."