बूट तयार होते

आमच्या पोरीला फसवलं ते शिबिराच्या भाऊंनी, आणि बूट तयार असताना फसवलं. हे आधी लिहून घ्या. पुढं मी इकडचं तिकडचं कितीही बोलले तरी हे एक वाक्य गाळू नका.

आता माझं सांगते. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, आणि मी आईच्या शेजारी बसून पानं कापत कापत मोठी झाले. लग्न झालं तेही मागावरच्याच माणसाशी, माणूस गरीब, तोंडातून शब्द काढायचा तर त्याला जड जातं, त्याच्या वाटचं सगळं मीच बोलते. मी पण विड्याच वळायचे. विडी कारखान्यात पानं वाळकी द्यायची आणि वळून नेल्या की निम्म्या विड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या, त्यावरून माझं रोज भांडण. एक दिवस म्हणलं, भांडायचंच आहे तर स्वतःच्या मालासाठी भांडू. तेव्हापासून हा धंदा, सेकंड मालाचा, म्हणजे कारखान्यात नापास झालेले टॉवेल आणि चादरी. कुठं धागा सुटलेला, कुठं किनार वाकडी. मी आधी खोट दाखवते आणि मग भाव करते. लोक म्हणतात बाई लई तिखट आहे, असू दे, पण खोट झाकून माल विकला असं कुणी म्हणून दाखवावं.

भाग्या आमची एकुलती एक. दिवस भरायच्या आधी आली, जन्मल्यावर लवकर रडलीच नाही. वर्षाची झाली तरी बसेना, उभी धरली की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे आणि नुसत्या चवड्यावर. कुणी तेल सांगितलं, कुणी अंगारा, कुणी वाळूत पुरून ठेवा म्हणलं, सगळं केलं. शेवटी सरकारी दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या एक मॅडम भेटल्या, त्यांनी नीट सांगितलं. म्हणाल्या, ताई, पायात दोष नाही, मेंदूला जन्मताना मार बसलाय, तो पायाला सैल हो म्हणून सांगतच नाही. हाड वाढतं, पोटरी ताठ राहून मागं पडते, म्हणून टाच वर ओढली जाते. डोकं मात्र तल्लख आहे पोरीचं. ते मला कुणी सांगायला नको होतं, दुकानात बसून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ती ओळखते, आई, हा घेणार नाही, उगाच घसा कोरडा करू नको. कुणी मोठ्यानं बोललं, फटाका वाजला, की तिचे पाय लाकडासारखे होतात. मला म्हणते, आई, माझ्या पायाला तुझ्यासारखा राग येतो गं.

थांबा हं, हे गिऱ्हाईक बघते. दादा, तो टॉवेल घेताय तर किनार बघून घ्या, हितं धागा गेलाय. काय म्हणता, मग फुकट देऊ काय? अंग पुसायचंय का लग्नात आहेर करायचाय? जा, फिरून या सगळा बाजार, मी हितंच आहे. गेला. येईल परत.

तर काय सांगत होते, पायाचं. पोटरीत एक इंजेक्शन असतं, त्यानं ताठरपणा कमी होतो. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग चौकात बोर्ड लागला, मोफत शिबिर, बाहेरगावचे मोठे डॉक्टर, इंजेक्शन आणि आधाराचे बूट. मी मॅडमना विचारायला गेले, मोफत म्हणलं की मला आधी खोट शोधायची सवय. त्या म्हणाल्या, जा, डॉक्टर चांगले आहेत, पण ध्यानात ठेवा, इंजेक्शन पोरीला चालवत नाही, ते फक्त थोडे महिने पोटरी सैल करतं. तेवढ्या दिवसांत रोज ताण द्यायचा, बूट घालून उभं करायचं. औषध उतरलं की पाय परत होता तसा. मी म्हणलं, कळलं. टॉवेल ओला असतो तोवरच ओढून किनार सरळ करता येते, वाळला की राहिली तशीच. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

शिबिरात इंजेक्शन दिलं, प्लास्टर लावून पायाची मापं घेतली, शिबिर भरवणाऱ्या भाऊंनी स्वतः पाणी आणून दिलं, मला म्हणाले, अक्का, बूट पंधरवड्यात. मी आशीर्वाद दिला हो त्या माणसाला, खोटं कशाला बोलू.

आणि गुण आला. हळूहळू पाय मऊ पडत गेला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिची टाच तळहातात धरून पाऊल वर दाबायची, पहिल्यांदा दगड दाबल्यासारखं लागायचं, ते आता वाकायला लागलं. एके दिवशी दोन्ही काखांत धरून उभी केली तर टाच खाली फरशीला लागली. भाग्या म्हणाली, आई, गार लागतंय. एवढी मोठी पोरगी, पण टाच तान्ह्या बाळाची, मऊ, गुलाबी, एक रेघ नाही, कारण जमीन तिला कधी लागलीच नव्हती. तिचे वडील पाळी संपवून आले, मी दाखवलं, तर चहा तसाच ठेवून खाली बसले आणि त्या टाचेची धूळ बघत राहिले. मग म्हणाले, रेणुका, आज पाय धुऊ नको तिचा. एवढंच बोलले.

पण बूट येईनात. पंधरवडा गेला, महिना गेला. फोन केला की भाऊ म्हणायचे, अक्का, या आठवड्यात नक्की. मी दुसरीकडं बूट करून घ्यायला निघाले तर तिथला कारागीर म्हणाला, माप नव्यानं घ्यावं लागेल, वेळ लागेल, आणि त्याच दिवशी भाऊंचा निरोप, तारीख ठरली, येत्या सोमवारी, म्हणून थांबले. सोमवार आला, रद्द. असं किती वेळा. मॅडम दर खेपेला विचारायच्या, आले का, आले का, आणि मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटायला लागली.

शेवटी मी भाऊंच्या गोदामावर जाऊन बसले. माल बघायची नजर माझी, आत खोकी दिसली. उघड्या खोक्यात पांढरे बूट, आणि वर पट्टीवर नाव, भाग्यश्री. माझ्या पोरीचं नाव. मी म्हणलं, भाऊ, हे काय. ते म्हणाले, अक्का, तयार होऊन लई दिवस झाले, पण वाटप पाहुण्यांच्या हस्ते करायचंय, पाहुण्यांची तारीख मिळेना. मी म्हणलं, तुम्ही एक जोड मला द्या, कार्यक्रमाच्या दिवशी मी पोरीला घेऊन येते, बूट काढून तुमच्या हातात देते, पाहुण्यांनी परत घालावेत, पाहिजे तेवढे फोटो काढा. यापेक्षा सरळ सौदा असतो का, सांगा. तर म्हणाले, अक्का, वापरलेले बूट स्टेजवर बरे दिसत न्हाईत. आणि तुम्हाला एकटीला दिले तर बाकीचे बोंबलतील की. म्हणलं, त्यांनापण द्या. म्हणाले, मग पाहुण्यांनी काय वाटायचं?

मी तोंडात येईल ते बोलले. उपयोग झाला नाही. त्यांच्या माणसानं शटर ओढलं.

तारीख मिळाली तोवर पोटरी परत ओढायला लागली होती, सकाळी तळहाताला कळत होतं. तरी गेले. हॉल भरलेला, दारात पाहुण्यांच्या स्वागताला हलगी कडाडली आणि माझ्या मांडीवर भाग्याचे पाय लाकूड झाले. स्टेजवर नेलं, पाहुणे बूट घालायला वाकले, पाऊल आत जाईना, टाच वरच. भाऊ कानात म्हणाले, अक्का, राहू द्या, मांडीवर ठेवा बूट, आणि जरा हसा. फोटो निघाला. मग मी माईक ओढला आणि म्हणलं, हे बूट कधीपासून तयार आहेत ते भाऊंनी सांगावं. एवढं बोलले आणि माईक बंद. लोकांना वाटलं बाई आभार मानायला उभी राहिली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते बूट हे बघा, इथं मापाच्या टेपाशेजारी. आता तर पाऊल पण वाढलं. मॅडम म्हणतात, इंजेक्शन परत देता येईल, पण पोटरी आखडलीय, टाचेची शीर लांब करायचं ऑपरेशन लागेल असं डॉक्टरांचं मत आहे. त्यांनी मला दोष दिला नाही. मी अजून रोज सकाळी टाच दाबते, तळहात दुखतो, दाबते. खरं सांगू, भांडायला पण आता अंगात जोर लागतो, तो पूर्वीसारखा राहिला नाही.

आणि परवा भाऊंचा माणूस आला. परत शिबिर आहे म्हणे, अक्का, पोरीला घेऊन या, दोन शब्द बोला. आतून भाग्या म्हणाली, ह्यावेळी माईक कोण बंद करणार, ते आधी विचार.

मी जाणार आहे. ज्या लेकरांची आता मापं घेतील त्यांचे बूट त्यांना वेळेत मिळोत, कुणाच्याही हातून मिळोत, आईच्या हातून मिळाले तरी पुरे. पण मी खाली बसणार नाही. भाऊंनी आधी भरल्या हॉलमध्ये, माईक चालू ठेवून सांगावं, बूट तयार होते, माझ्या पोरीची टाच जमिनीला लागत होती, मग ते खोक्यात कुणासाठी ठेवले? माझी पोरगी समोर बसलेली असेल. तिच्याकडं बघून सांगावं.