अबा शावलला जाऊन राहिलो

जबाब, दिनांक २०/०२/२००६, सकाळी ११.१५
ठिकाण: पोलीस ठाणे, जबलपूर

नाव: गुलाबराव डोमाजी मेश्राम. वय: ७१ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त फिटर, रिछाई येथील खासगी कारखाना. राहणार: गोरखपूर, जबलपूर. धर्म: बौद्ध.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी चंपाबाई हिच्यासह राहतो. मला हिंदी येते. तरी या वेळचा जबाब माझ्या भाषेत घ्यावा अशी मी विनंती केली. त्यावरून प्रधान आरक्षक विनता सोमकुवर यांनी तो मराठीत लिहून घेतला. कारण पुढे आले आहे.

माझा मुलगा पुंडलिक, वय ३८, अविवाहित, हा २००२ पासून आफ्रिकेतील इरिट्रिया देशाच्या राजधानीत, अस्मारा येथे, शाळेत गणित शिकवत होता. दर रविवारी दुपारी चारला त्याचा फोन येत असे. त्या गावावर पूर्वी इटालियन लोकांचे राज्य होते. त्यांनी आपल्यासाठी रुंद रस्ते, सिनेमाघरे आणि कॉफीची दुकाने बांधली. तिथल्या मूळ लोकांना वेगळे काढून उत्तरेकडच्या चढावर ठेवले. त्या वस्तीचे नाव अबा शावल. पुंडलिक दर रविवारी तिकडे फिरायला जाई आणि गल्ल्यांचे नकाशे वहीत काढी. आमची मूळ वस्तीही भंडारा जिल्ह्यात गावापासून तोडून होती, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. एवढी चांगली नोकरी असताना हा पुन्हा तसल्याच गल्ल्यांत काय शोधतो, असे मी एकदा त्याला रागाने बोललो होतो.

रविवार, दिनांक ०६/०६/२००४ रोजी त्याचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, मी अबा शावलला जाऊन राहिलो. आईला सांगजा." मी म्हणालो, "अच्छा. ये जाऊन." आवाज बसलेला वाटला, पण मी विचारले नाही. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. त्यानंतर फोन आला नाही.

दिनांक ११/०७/२००४ रोजी मी याच ठाण्यात तो हरवल्याची खबर दिली. तेव्हाचे प्रधान आरक्षक श्यामसुंदर तिवारी यांनी पुंडलिकचे बोलणे हिंदीत "वहाँ जाकर रहने लगा" असे लिहिले. मी ते खोडायला लावले. आमच्या घरी "जेवून राहिलो" म्हणजे जेवतो आहे, "जाऊन राहिलो" म्हणजे जातो आहे, असे मी टेबलावर हात आपटून सांगितले. तिवारी म्हणाले, "दादा, जो आपने बोला वही लिखा है." मी त्यांना भाषा कळत नाही, मोठे मोहर्रिर, म्हणजे ठाण्याचे लेखनिक, झाले, असेही बोललो. त्यांनी ओळ खोडून "जा रहा है" असे लिहिले. खाडाखोडीवर माझी सही आहे. आज मी ती पाहिली. सही माझीच आहे.

त्या ओळीमुळे सरकारमार्फत तिकडे झालेली पुढची सगळी चौकशी वाटेची झाली. शाळेपासून अबा शावलपर्यंतचा रस्ता, अपघात, दवाखाने. नोकरीचा करार मे महिन्यात संपला होता, म्हणून शाळेला तो भारतात परतला असे वाटले. वस्तीत कोणी विचारले नाही.

दिनांक ०९/०१/२००६ रोजी मी अस्मारा येथे पोहोचलो. पुंडलिकसोबत शिकवणाऱ्या नागपूरच्या शैलजा वासनिक मॅडम माझ्याबरोबर होत्या. तो बेपत्ता झाला त्या महिन्यात त्या सुट्टीवर होत्या. दोन दिवस मी तोच रस्ता चाललो. ताडाची झाडे असलेला मोठा रस्ता लागला. इटालियन राजवटीत मूळ लोकांना त्यावर फिरायला मनाई होती, असे मॅडमनी सांगितले. पुढे मशीद, बाजार, मग मेदेबर नावाची जागा, तिथे लोक जुन्या पिंपांचा पत्रा ठोकून भांडी, चुली करतात. मी प्रत्येक नाली वाकून पाहिली. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, रस्ता झाला. आता आत वस्तीत विचारू." मी म्हणालो, आत काय विचारायचे, तो फिरून परत येणारा माणूस. तरी गेलो.

तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, दगडाच्या भिंती, वर पत्रे. पुंडलिकचा फोटो पाहून पोरे "मेमहिर, मेमहिर" म्हणू लागली. मेमहिर म्हणजे मास्तर. त्यांनी लेतेब्रहान नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी नेले. मॅडमना ती भाषा कामापुरती येते. बाईने सांगितले की, मास्तर त्याच रविवारी ट्रंक घेऊन तिच्याकडे खोलीत राहायला आला. पोरांना शिकवायचे आणि पावसाळ्यानंतर घरी जायचे असे त्याने ठरवले होते. आला तेव्हाच छातीत कफ होता. दवाखान्यात सोमवारी जातो म्हणे, आणि सोमवार गेला की पुढचा सोमवार. शनिवार, दिनांक १९/०६/२००४ रोजी पहाटे तो वारला. तिने वॉर्डाच्या कचेरीत कळवले. तिथे नाव "मेमहिर पुंडा" असे लिहिले गेले. घरी आम्ही त्याला पुंडाच म्हणतो. चौकशीत पुंडलिक गुलाबराव मेश्राम शोधत होते.

बाईने रीतीप्रमाणे तीन वेळा कॉफी दिली. मी तिन्ही प्यालो. ट्रंक तिने जपून ठेवली होती. त्यात कपडे, पासपोर्ट आणि नकाशांची वही होती. शेवटच्या पानावर तिच्या घरावर फुली करून "मी" असे लिहिले आहे. वही हजर करतो, पाहून परत मिळावी.

वस्तीने त्याला टेकडीच्या उतारावर पुरले आहे. वर पिंपाच्या पत्र्याची पाटी आहे. ती मेदेबरच्या एका लोहाराने केली. मी चाळीस वर्षे फिटर होतो, म्हणून सांगतो की पाटीच्या चारी कडा कानशीने घासून बोथट केल्या आहेत, हात फिरवला तर कापत नाही. एवढा वेळ कोणी परक्यासाठी घालवत नाही. मी मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हटले. नंतर मला तिथे खूप रडू आले.

तो खरोखर जाऊन राहिला होता. ज्याला तिथे जाऊन राहायचे आहे, तोही आमच्या घरी तेच शब्द बोलेल, हे माझ्या डोक्यात आले नाही. तिवारी साहेबांचे बरोबर होते. त्यांची बदली झाली आहे, तरी माझी माफी त्यांना कळवावी. त्या फोननंतर तो तेरा दिवस जिवंत होता. मी तेव्हा "काहून?" म्हणजे का, एवढे विचारले असते, तर त्याने खोली सांगितली असती, कदाचित छातीचेही सांगितले असते. "काहून" हा शब्द आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा निघतो. त्या दिवशी निघाला नाही, हे लिहून घ्यावे.

पत्नी चंपाबाई हिला अजून सांगितलेले नाही. ती आजही रविवारी चारला फोनजवळ बसते. येथून घरी जाऊन सांगणार आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जुन्या जबाबात खोडलेली ओळ पुन्हा कायम करावी, एवढीच मागणी आहे.

हा जबाब मला विनता दीदींनी सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. या वेळी मी एकही शब्द खोडायला लावलेला नाही.

सही/-
गुलाबराव डोमाजी मेश्राम