लाल दिवा का लागला नाही

दिलीपमामांच्या शोकसभेला जमलेल्या सर्वांना आणि समोर बसलेल्या कमलमामींना नमस्कार.

मला बोलता येत नाही. म्हणजे सभेत बोलता येत नाही. मघापासून तीन वेळा नको म्हणून झालं. तरी उभी राहिले, कारण खाली बसूनही मला स्वस्थ बसवत नाहीये.

मी सुजाता. दिलीपमामांच्या समोरच्या घरातली. रांजणगावला एका कंपनीत ब्रेकच्या टेस्टिंगला आहे. गाडी मला मामांनी शिकवली, मार्केट यार्डामागच्या मैदानात. आज मी फक्त गाडीबद्दल बोलणार आहे. मामा स्वभावाने कसे होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मामांची बारा सीटची गाडी शिरूरच्या बायकांना कुरकुंभच्या औषध कंपनीत नेत होती, आणत होती. गाडी थांबली की मामा मागे न बघता विचारायचे, "उतरल्या का समद्या?" आतून "व्हय" आल्याशिवाय गाडी हलायची नाही. एकदा कुणीच उत्तर दिलं नाही, तर रिकामी गाडी घेऊन तसेच बसून राहिले होते. बायका अजून हसतात त्यावर.

त्या दिवशी कुरकुंभच्या अलीकडे, उतारावर, मामांना झटका आला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. आतल्या एकाही बाईला खरचटलं नाही. मागून दुधाचा टेम्पो येत होता, तो कसाबसा वळला आणि रस्त्याकडेच्या चारीत गेला. टेम्पोवाल्यालाही काही झालं नाही. मामा मात्र दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत.

हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचंही माहीत आहे, पण ते कुणी माइकवर बोलत नाही. मी बोलते.

टेम्पोवाला म्हणाला, "पुढच्या गाडीचा लाल दिवा लागलाच न्हाई. ब्रेक मारलाच न्हाई त्यानं." तो खोटं बोलला नाही. पण ते वाक्य शिरूरला पोचेपर्यंत वाढत गेलं. स्टँडवर कुणीतरी म्हणालं, "डुलकी लागली आसंल." चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "घेतली आसंल थोडी." अंत्ययात्रेत, माझ्या मागे चालणारा एक जण म्हणाला, "दहा बायांचा जीव घेतला असता की!" तोही आज इथे आहे. मी नाव घेणार नाही.

आणि मग मामींनी मला विचारलं. पाहुणे गेले होते. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुजाता, तू ब्रेकच्या कंपनीत हायेस. तू सांग मला. त्यांनी ब्रेक का न्हाई मारला?"



मी दिवसभर ब्रेक तपासते. किती दाबला की किती तापतो, किती अंतरात गाडी थांबते, हे मला सांगता येतं. आणि मामींच्या एवढ्याशा प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मला झोप नीट नाही. कामावरून येते, चहा तसाच राहतो, मी पुन्हा त्या उतारावर जाऊन पोचते. का नाही मारला? का नाही मारला?

मामा ब्रेक कमीच मारायचे, हे खरं आहे. त्यावरून आमचं कायम भांडण. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गियर खाली पाडला, की इंजिनच गाडीला मागे ओढतं. ड्रायव्हर लोक त्याला इंजिन ब्रेक म्हणतात. लांब उतारावर हेच करायचं असतं, कारण सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. पण मामा सपाटीवरही तेच करायचे. स्पीडब्रेकर आला, गियर पाड. स्टँड आलं, गियर पाड.

मी म्हणायचे, "मामा, क्लच महाग, ब्रेकचे पॅड स्वस्त."

ते म्हणायचे, "तुझ्या कंपनीचं दुकान चालावं म्हणून मी ब्रेक मारू व्हय?"

मी म्हणायचे, "गियरने गाडी हळू केली तर मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्याला कळणार कसं?"

"मागच्यानं अंतर ठेवावं की! त्याला काय माझ्या डिकीत बसायचंय?"

यात माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. तो दिवा ब्रेकच्या पेडलशी जोडलेला असतो. पाय दाबला तर दिवा लागतो. गियर पाडून लागत नाही, हँडब्रेक ओढूनही लागत नाही. म्हणजे दिवा लागला नाही, यावरून एवढंच कळतं की ब्रेकवर पाय पडला नाही. माणूस झोपला होता, हे त्यावरून कळत नाही. प्यायला होता, हे तर नाहीच नाही.

मग मी गाडी बघायला गेले. ती अजून उतारावरच, तशीच उभी होती. लोकांनी ढकलून पाहिली होती, हलली नव्हती. मी दार उघडलं. गियर दुसरा. हँडब्रेक पूर्ण वर ओढलेला.

झोपलेला माणूस चौथ्यावरून दुसऱ्यावर येतो का? झोपलेला माणूस हँडब्रेक ओढतो का?

मी मामांच्या सीटवर बसले. तेव्हा मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. आपण सगळ्यांनी ते ऐकलं होतं, दवाखान्याच्या दारात. डॉक्टर म्हणाले होते, "लकव्याने उजवी बाजू पूर्ण गेली आहे."

उजवी बाजू.

ब्रेक कुठल्या पायाने मारतात? गाडी चालवणाऱ्यांनी आत्ता मनातल्या मनात मारून बघा.

मी उजवा पाय आणि उजवा हात सोडून दिला आणि बघितलं, काय उरतं. डावा पाय, क्लचवर. डावा हात, आधी गियरवर, मग हँडब्रेकवर. बाकी काही नाही. गियर बदलताना स्टीअरिंगवर हात नाही. रस्ता तिथे सरळ आहे, हे नशीब.

तरी मला नुसत्या अंदाजावर बोलायचं नव्हतं. म्हणून शोभाताईंकडे गेले. त्या रोज मामांच्या मागच्या सीटवर बसायच्या. त्या इथे आहेत, माझं चुकलं तर त्यांनी टोकावं. त्या म्हणाल्या, "गाडी एकदम वरडली बघ. आम्ही समद्या पुढं ढकलल्या गेलो. मी म्हणले, मामा, आवो काय करताय? तर त्यांचा उजवा हात मांडीवर पडल्याला. डाव्या हातानंच सगळं चाललंवतं."

मी म्हटलं, "ताई, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हाई."

आपण सगळे दिव्याबद्दल बोलत राहिलो. गाडीत बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही.

मामी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. त्यांनी ब्रेक मारला नाही, कारण ब्रेक मारणारा पाय उरला नव्हता. जे उरलं होतं, त्या सगळ्याने त्यांनी गाडी थांबवली. हे मी समोरच्या घरातली मुलगी म्हणून सांगत नाही. ज्या कामाचा मला पगार मिळतो, त्या कामाच्या जोरावर सांगते. कुणाला शंका असेल तर गाडी आता दारात आणली आहे. चला, दाखवते.

शोभाताई अजून एक गोष्ट म्हणाल्या. गाडी थांबल्यावर मामांचे ओठ हलत होते. काहीतरी विचारत होते, पण शब्द फुटत नव्हते. काय विचारत होते, याचा पुरावा माझ्याकडे नाही. मी खात्रीने सांगू शकत नाही.

आता सगळ्यांनी उभं राहू या. जरा वेळ कुणीच काही बोलू नये. स्टँडवर बोललेल्यांनी, टपरीवर बोललेल्यांनीही उभं राहावं. आणि इथून बाहेर पडल्यावर त्या डुलकीबद्दल आणि दारूबद्दल पुन्हा तोंड उघडू नये.

मामा, गाडी थांबली आहे. व्हय, उतरल्या समद्या.

जय भीम.