पुस्तिकेवरील आईच्या नावाबाबत

मी मेघाली भिवाजी तरे, वय २४ वर्षे, एम.ए. झालेली, सध्या नोकरीच्या शोधात, राहणार कोलशेत गाव, ठाणे. बोलावल्यावरून आज आईसोबत पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी आई-वडिलांसोबत राहते. वडील पूर्वी खाडीत मासेमारी करत, आता एका सोसायटीत वॉचमन आहेत. आई मासळी विकते. घरात पदवीपर्यंत मीच शिकले आहे.

एम.ए.ला असताना मी खाडीच्या पाण्याला गावात असलेल्या नावांवर लेख लिहिला. उधाण, भांग, सुकती ही भरती-ओहोटीची नावे गावात सर्वांना माहीत असतात. उरलेली नावे आईने सांगितली. लेखक म्हणून मला दोघींची नावे द्यायची होती. परंतु प्रत्येक लेखकाची संस्था व ईमेल सक्तीचे होते. आईकडे दोन्ही नाही. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "आभारात घाल गं, तसंच करतात." मी तसे केले.

ते नियतकालिक इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येते. त्याला मुक्त म्हणतात. मुक्त म्हणजे आपलेही, असे धरून मी करारावर सही केली. त्या सहीने लेखाचे हक्क प्रकाशकाकडे गेले.

गावच्या शाळेत वाटण्यासाठी मी त्याच लेखाची पुस्तिका सुदेश यांच्या छपाईच्या दुकानात छापायला दिली. मुखपृष्ठावर आईचे नाव आधी, माझे नंतर. प्रकाशकालाही तसे कळवले. उत्तर आले की लेख फुकट वाटता येईल, मात्र त्यात व लेखकाच्या नावात बदल चालणार नाही. ते उत्तर मीच सुदेश यांना दाखवले.

ते म्हणाले, "ताई, आईचं नाव काढा, मी कव्हर बदलून देतो. मला कशाला लफड्यात टाकता?"

मी म्हणाले, "आतले शब्द तिचेच आहेत."

"असतील हो. कागदावर नाहीयेत ना."

त्यावर मी काउंटरवरील छापून झालेल्या पुस्तिकांचा गठ्ठा उचलला. त्यांनी दुसऱ्या बाजूने धरला. ओढाओढीत माझ्या कोपराने काउंटरची काच फुटली. ती मी बसवून देईन. मी शिवीगाळ केलेली नाही. सुदेश यांच्या तक्रारीवरून गठ्ठा पोलीस ठाण्यात जमा आहे.

अंमलदार साहेब म्हणाले, "स्वतःचाच लेख पळवला, याला मी कलम कुठलं लावू?"

आई मला म्हणाली, "माजा नाव कार गो पोरी. तुजा हाय, तवरा पुरे."

मी नकार दिला. आईचे नाव काढलेली पुस्तिका मी शाळेत वाटणार नाही.

शब्द कोणी सांगितले, असे साहेबांनी विचारले. चंद्रभागा भिवाजी तरे. हे नाव टाइप करताना त्यांनी संस्था किंवा ईमेल विचारला नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही करण्यापूर्वी मी तो स्वतःही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.