बाहेर दुमडलेलं पान

क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समधल्या चेट्टीनाड खाणावळीत शेजारच्या टेबलाशी बापलेक केळीच्या पानांवर जेवत होते.

“अप्पा, आजही पान बाहेरच्या बाजूला दुमडलंत? जेवण आवडलं नाही?”

“तुझ्या अम्माच्या हातच्या रसमची चव नाही.”

“केरळवाल्याकडे हेच, उडुपीवाल्याकडेही हेच! मग तीन वाट्या रसम कोण प्यालं?”

“खात्री करून घेत होतो.”

“आणि समजा, चव सापडली असती तर?”

“तर अम्मा गेल्यापासून दर रविवारी सेरेंबानहून धावत येतेस, ती तुझी दगदग संपली असती, पूंगोडी.”

मुलीनं आपलं चाटूनपुसून साफ केलेलं पान बाहेरच्या बाजूला दुमडलं.

“मलाही नाही आवडलं, अप्पा. पुढच्या रविवारी आंध्रवाल्याकडे जाऊ.”